गायरानातलं गोल्फ: स्कॉटलंडच्या जुन्या मैदानांवर पहिल्यांदा खेळायला जाताना

सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर रविवारी गोल्फ बंद असतं. त्या दिवशी गावातली माणसं कुत्री घेऊन फेअरवेवरून (छाटलेल्या गवताच्या पट्ट्यावरून) फिरतात, पोरं बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) उतरतात, एखादं जोडपं बाबागाडी ढकलत अठराव्या होलवरून (मैदानाच्या शेवटच्या टप्प्यावरून) घराकडे निघतं. मी पहिल्यांदा पोचलो तो नेमका रविवार होता. जगातलं सर्वांत नावाजलेलं गोल्फ मैदान, आणि तिथं संध्याकाळच्या संभाजी बागेसारखी वर्दळ! आधी हिरमुसलो, मग एक गोष्ट ध्यानात आली. हे कुणाचं खासगी आवार नव्हेच. हे गावाचं गायरान आहे.

स्कॉटलंडमध्ये गोल्फ खेळायला जाणाऱ्या नवख्या माणसाने एवढं समजून घेतलं तर पुढची आखणी सोपी जाते. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधली वाळूची, ना नांगरता येणारी ना बांधता येणारी पट्टी म्हणजे ‘लिंक्स’. तिथं मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे, लोक चेंडू मारायचे. सेंट अँड्र्यूजच्या गावकऱ्यांचा तिथं खेळायचा हक्क १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टनच्या सनदेत लिहून ठेवला गेला. ती सनद मुळात आर्चबिशपला तिथं ससे पाळता यावेत म्हणून होती! पुढे १७९७ मध्ये नगरपालिकेचं दिवाळं निघालं, जमीन ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली आणि गोल्फर विरुद्ध ससेवाले असा वाद कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेला. १८२१ मध्ये शेजारच्या जमीनदाराने, जेम्स चीपने, जमीन विकत घेतली आणि गोल्फ वाचलं. आज सगळा कारभार सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट बघतो, १९७४ च्या संसदेच्या कायद्यानुसार. म्हणून तुम्हीआम्ही, कुठल्याही क्लबचे मेंबर नसलो तरी, तिथं खेळू शकतो.

आता कामाचं बोलू.

पहिली पायरी: हँडिकॅपचा दाखला

विमानाचं तिकीट नंतर. ओल्ड कोर्सवर स्टार्टर (खेळाडूंना वेळेनुसार मैदानावर सोडणारा माणूस) तुमच्याकडे अधिकृत हँडिकॅपचा, म्हणजे तुमच्या खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, चालू दाखला मागतो, आणि दुसऱ्या अनेक जुन्या क्लबांतही तो विचारला जातो. आपल्याकडे बरेच जण वर्षानुवर्षं खेळतात, पण स्कोअर नोंदवत नाहीत. मित्रांमध्ये ‘मी साधारण अठराचा’ म्हणणं वेगळं आणि कागदावर अठरा असणं वेगळं. तुमच्या क्लबमध्ये निघायच्या निदान सहा महिने आधीपासून कार्ड भरायला लागा आणि दाखला क्लबच्या लेटरहेडवर घ्या. फोनमधला स्क्रीनशॉट हा दुसरा पर्याय. पहिला छापील कागदच.

हँडिकॅप अजून नसेल तर जाऊ नका असं मी म्हणणार नाही. त्याच गायरानावर बालगोव्ह नावाचा नऊ होल्सचा कोर्स खास नवख्यांसाठी आणि मुलांसाठी आहे. समुद्र तोच, वारा तोच.

दाखल्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे वेग. तिथं अठरा होल्स साधारण चार तासांत संपवणं अपेक्षित असतं. आपली रविवारची फोर-बॉल (चौघांची फेरी), मध्ये चहा-ऑम्लेट धरून, साडेपाच तास रेंगाळते. निघण्याआधी महिनाभर चालत आणि भरभर खेळायची सवय करा. कार्ट विसरा, ओल्ड कोर्सवर वैद्यकीय कारणाशिवाय ती मिळत नाही.

दुसरी पायरी: महिना ठरवणं

मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी चारची टी (खेळ सुरू करायची वेळ) मिळाली तरी अठरा होल्स आरामात होतात. नोव्हेंबर ते मार्च दर स्वस्त, पण तेव्हा ओल्ड कोर्सच्या फेअरवेवर चेंडू छोट्या प्लास्टिकच्या चटईवर ठेवून मारावा लागतो. गवत वाचवायला हे योग्यच, पण आयुष्यात एकदाच जाणार असाल तर चटईवरून कशाला?

जुलै २०२७ ची ओपन, म्हणजे ब्रिटनची सर्वांत मोठी गोल्फ स्पर्धा, सेंट अँड्र्यूजलाच आहे. त्या वर्षी स्पर्धेच्या आधी मैदान पाहुण्यांसाठी बंद राहतं, तेव्हा तारखा तपासल्याशिवाय काही बुक करू नका. भारतीय पासपोर्टवर व्हिजिटर व्हिसा लागतो, त्याची तजवीज आधीच करून ठेवा.

तिसरी पायरी: ओल्ड कोर्सची टी

इथं लोक सर्वांत जास्त गोंधळतात. रस्ते चार आहेत.

एक, आगाऊ अर्ज. साधारण ऑगस्टच्या अखेरीस पुढच्या वर्षासाठी ट्रस्टकडे अर्ज करता येतो. तारीख नक्की मिळेलच असं नाही, पण वर्षभर आधी आखणी करणाऱ्यांनी हेच करावं.

दोन, बॅलट, म्हणजे रोजची सोडत. निदान दोन आणि जास्तीत जास्त चार खेळाडूंचा गट हवा. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारी दोनपर्यंत नावं द्यायची, संध्याकाळपर्यंत निकाल लागतो. रविवारी खेळ नसल्याने सोमवारची सोडत शनिवारी निघते. नंबर नाही लागला तर पैसे जात नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा नाव द्यायचं. गावात चार-पाच रात्री राहिलात तर बऱ्यापैकी आशा धरता येते. एका रात्रीसाठी आलात तर ते लॉटरीचं तिकीट झालं.

तीन, एकटा खेळाडू. पूर्वी एकटी माणसं पहाटे दोन-तीनला, कधी आदल्या रात्रीच, स्टार्टरच्या खोपट्याबाहेर थंडीत रांग लावायची. २०२४ पासून ती रांग गेली. आता आदल्या दिवशी तिथं स्वतः जाऊन नाव नोंदवायचं आणि सोडतीत लागलं तर मोबाईलवर कळतं. रांगेतल्या गप्पांचा रोमांच गेला असं जुने लोक कुरकुरतात. मी पन्नाशी ओलांडली आहे, मला नवीच पद्धत बरी वाटते.

चार, टूर कंपन्यांचं पॅकेज. टीची खात्री मिळते, पण बरोबर हॉटेल, गाडी, दुसरी मैदानं असं सगळं गळ्यात पडतं आणि आकडा बघून घाम फुटतो. ओल्ड कोर्सची नुसती फी उन्हाळ्यात तीनशे पौंडांच्या वर आहे, त्यावर हा सगळा भार.

माझा सल्ला असा: ओल्ड कोर्स मिळालाच नाही तरी प्रवास वाया गेला असं वाटू नये, अशी बाकीची आखणी करा. सोडतीत नाव लागलं तर ती बोनसची गोष्ट. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ फक्त त्या एका मैदानासाठी तीन दिवस गेले, तिन्ही दिवस नंबर हुकला, आणि शेजारी न्यू कोर्स मोकळा असताना हॉटेलच्या खिडकीत बसून राहिले. ‘न्यू’ म्हणजे किती नवा? १८९५ चा.

चौथी पायरी: लहानापासून मोठ्याकडे

एडिंबराला उतरलात की पहिल्या दिवशी जेट लॅगमध्ये मोठं मैदान घेऊ नका. शहराच्या मध्यात ब्रंट्सफील्ड लिंक्स म्हणून बाग आहे. तिथं उन्हाळ्यात छोट्या होल्सचा कोर्स असतो, फुकट. एक वेज (चेंडू उचलून टाकायची काठी), एक पटर (चेंडू जमिनीवरून ढकलायची काठी) आणि खिशात दोन चेंडू, बस. शेजारी लोक घोंगड्या पसरून बसलेले असतात, तेव्हा जरा जपून.

दुसऱ्या दिवशी मसलबरा. एडिंबरापासून बसने जाता येतं. इथल्या जुन्या लिंक्सवर १६७२ मध्ये गोल्फ खेळल्याची लेखी नोंद आहे. स्कॉटलंडची मेरी राणी १५६७ मध्ये इथं खेळली असंही सांगतात, पण ते सांगणं झालं. नऊ होल्स, आणि ते चक्क घोड्यांच्या रेसकोर्सच्या आत! शर्यतीच्या दिवशी गोल्फ बंद, म्हणून आधी वेळापत्रक बघा. १८७४ ते १८८९ मध्ये सहा ओपन इथं झाल्या. आज जगभर होलचा व्यास सव्वाचार इंच असतो, त्याचंही मूळ इथलंच: १८२९ चं होल पाडायचं हत्यार मसलबराचं, आणि तेच माप १८९१ मध्ये सगळ्यांसाठी नियम झालं.

इथं हिकरीच्या, म्हणजे लाकडी दांड्याच्या, जुन्या धर्तीच्या काठ्या भाड्याने मिळतात. फोन करून विचारून ठेवा. मी घेतल्या. घरी सात नंबरच्या आयर्नने जेवढं जातं त्याच्या पाऊणपटही गेलं नाही, आणि जे गेलं ते रेसकोर्सच्या कठड्यापलीकडे. पण त्या दोन तासांत मला कळलं की लिंक्सवर चेंडू उंच उडवायचा नसतो, जमिनीलगत पळवायचा असतो. पुढच्या सगळ्या मैदानांवर हेच कामी आलं.

तिसरा मुक्काम नॉर्थ बेरिक. एडिंबराच्या वेव्हर्ली स्टेशनवरून लोकल गाडी, अर्ध्या तासाच्या आसपास. क्लब १८३२ चा. माझं मन विचाराल तर सगळ्या प्रवासातलं सर्वांत आवडतं मैदान हेच. तेराव्या होलला ग्रीनच्या (झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) अलीकडे दगडी गडगा आहे, आपल्या कोकणात दोन वाड्यांच्या मध्ये असतो तसा. त्याच्यावरून चेंडू मारायचा. कुणी तो पाडला नाही, कारण गडगा आधीचा, गोल्फ नंतरचं. पंधरावा ‘रेडान’: तिरपं, मागच्या बाजूला उतरत गेलेलं ग्रीन, पुढे बंकर. जगभरातल्या गोल्फ आर्किटेक्टनी याची नक्कल केली आहे, त्यामुळे अमेरिकेत खेळलेल्यांना ते ओळखीचं वाटेल. इथं चेंडू ग्रीनवर थेट टाकू नका. उजवीकडे पाडा, उतार आणून देतो.

याच किनाऱ्यावर म्युरफील्ड आहे. पाहुण्यांना ठरावीक वारीच प्रवेश, महागडं, आणि २०१७ पर्यंत बायकांना मेंबर करून घेत नव्हते. मैदान उत्तम आहे यात वाद नाही. मी मात्र ते पैसे नॉर्थ बेरिकला दुसऱ्यांदा खेळण्यात घातले.

पाचवी पायरी: सेंट अँड्र्यूजमध्ये

गावात रेल्वे नाही; १९६९ मध्ये बंद झाली. एडिंबराहून तासाभरात ल्यूकर्स स्टेशनला उतरायचं, तिथून बसने दहा-पंधरा मिनिटं. शक्य असेल तर शनिवारी पोचा आणि रविवारी मैदान पायी फिरा. वहीत टिपणं काढा. हा फुकटचा सराव आहे आणि बहुतेक पाहुणे तो सोडून देतात.

चालताना या गोष्टी बघा. जाताना नऊ होल्स गावापासून लांब, येताना नऊ होल्स त्यालाच लागून परत. ग्रीन मात्र अठरा नाहीत. सात ग्रीन जोडग्रीन आहेत, एकेका ग्रीनवर दोन होल्स, आणि जोडीतल्या नंबरांची बेरीज नेहमी अठरा: दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, असं. जातानाचे झेंडे पांढरे, येतानाचे लाल. मी पाचव्याला चुकून तेराव्याच्या झेंड्यावर नेम धरला होता. कॅडीने खांद्याला धरून वळवलं.

अठराच होल्स का, याचं उत्तरही इथलंच. आधी खेळाडू एका फेरीत बावीस होल्स खेळायचे. १७६४ मध्ये सुरुवातीचे चार लहान होल्स एकत्र करून दोन केले. जाताना दोन आणि येताना दोन कमी झाले, राहिले अठरा. बाकीच्या जगाने पुढे हाच आकडा उचलला.

खेळायच्या दिवशी कॅडी घ्याच. आपल्याकडे कॅडी म्हणजे बॅग उचलणारा आणि रफमध्ये चेंडू शोधणारा पोऱ्या, अशी आपली (वाईट) सवय. तिथला कॅडी वाटाड्या असतो. मैदानावर ११२ बंकर आहेत आणि टीवरून, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून, त्यातले बहुतेक दिसत नाहीत. तो म्हणेल, त्या चर्चच्या मनोऱ्यावर मार. मारा. वाद घालू नका. पैसे रोख द्यायचे असतात, बक्षिशीसकट पाकीट तयार ठेवा.

पहिल्या टीवर मागे आर अँड एचा (रॉयल अँड एन्शंट या जुन्या गोल्फ क्लबचा) क्लबहाउस, कठड्याला टेकून बघणारी अनोळखी माणसं, आणि समोर अख्ख्या गोल्फमधलं सर्वांत रुंद फेअरवे, कारण पहिला आणि अठरावा एकमेकांना लागून आहेत. मध्ये कुंपण नाही. इथं चुकणं अवघड, तरीही माणसं चुकतात. मी डावीकडे मारला, चेंडू अठराव्यावर गेला, कुणी हसलंही नाही. डावीकडे मारा हीच या मैदानाची गुरुकिल्ली आहे. उजवीकडे गॉर्सची काटेरी झुडपं, आणि त्यात गेलेला चेंडू विसरायचा.

अकराव्याला थोडं थांबा. १९२१ च्या ओपनमध्ये अमेरिकेचा बॉबी जोन्स इथल्या बंकरमध्ये अडकला आणि वैतागून त्याने खेळच सोडला. तोच १९२७ मध्ये इथंच ओपन जिंकला, आणि १९५८ मध्ये गावाने त्याला मानद नागरिक करून घेतलं. चौदाव्याचा ‘हेल’ बंकर माणसापेक्षा खोल आहे. त्यात पडलात तर पुढे मारायचा मोह आवरा, मागे किंवा बाजूला काढा.

सतरावा रोड होल. टीवरून हॉटेलच्या आवारातल्या काळ्या शेडवरून चेंडू मारायचा, पलीकडचं काही दिसत नाही. ग्रीनच्या डावीकडे खोल बंकर, उजवीकडे डांबरी रस्ता, त्यापलीकडे भिंत. रस्ता खेळाच्या हद्दीत आहे! तिथून चेंडू उचलून ठेवता येत नाही, डांबरावरूनच मारायचा. बोगी, म्हणजे पाच, झाला तर मनातल्या मनात पेढे वाटा. मग स्विल्कन पूल, फोटो (लवकर, मागे लोक असतात), आणि अठराव्याच्या ग्रीनपुढची खोलगट जागा, ‘व्हॅली ऑफ सिन’. तिथं वेज नको, पटर काढा.

हवामानाचं एकच सांगतो. आपल्याकडे पाऊस वरून पडतो, इथं तो बाजूने येतो. छत्रीचा उपयोग शून्य. चांगली वॉटरप्रूफ पँट आणि दोन जोड हातमोजे यांवर खर्च करा, नव्या ड्रायव्हरवर (लांब फटक्याच्या काठीवर) नको.

संध्याकाळी आर अँड ए संग्रहालय बघा. पिसं कोंबून शिवलेले जुने कातडी चेंडू तिथं आहेत. एक चेंडू एका काठीइतका महाग पडे. मग गटापर्चाचा, म्हणजे रबरासारख्या झाडाच्या चिकाचा, स्वस्त चेंडू आला आणि सामान्य माणसाला खेळ परवडू लागला. त्याबद्दल गावात एक कथा सांगतात: १८४३ च्या सुमारास इथल्या एका धर्मोपदेशकाला पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, ती गटापर्चाच्या तुकड्यांत गुंडाळलेली होती, आणि त्यातूनच पहिला चेंडू वळला गेला. खरं किती हे विष्णूलाच ठाऊक. मुंबईचा धागा मात्र पक्का आहे. आर अँड एच्या वसंतातल्या स्पर्धेत दुसऱ्या नंबरला जे पदक देतात, त्याचं नाव ‘बॉम्बे सिल्व्हर मेडल’.

कॅथेड्रलच्या पडक्या आवारात जुन्या काळचा ओपन विजेता ओल्ड टॉम मॉरिस आणि त्याचा मुलगा यंग टॉम यांच्या कबरी आहेत. मुलगा १८७५ च्या नाताळच्या दिवशी गेला, वय चोवीस. तोवर चार ओपन त्याच्या नावावर होत्या. वाट वाकडी करून जाच.

सहावी पायरी: वेळ उरला तर प्रेस्टविक

ग्लासगोहून रेल्वेने पाऊण तासाच्या आसपास, आणि स्टेशन पहिल्या टीला इतकं खेटून की उजवीकडे मारलेला चेंडू रुळांवर जातो. पहिली ओपन इथली: १७ ऑक्टोबर १८६०, आठ खेळाडू, बारा होल्सच्या तीन फेऱ्या एकाच दिवसात, विजेता विली पार्क, स्कोअर १७४. १९२५ नंतर ओपन इथं झाली नाही, कारण गर्दी आवरेना. मैदान जुनाट, विक्षिप्त आहे. पाचवा होल ‘हिमालय’: मोठ्या वाळूच्या टेकडीपलीकडे ग्रीन, आंधळा फटका, मागच्यांना वाट मोकळी झाल्याचं कळावं म्हणून घंटा वाजवायची. घंटा वाजवायला विसरू नका.

कार्नुस्टीचं मैदान कठीण आहे, डॉर्नॉखचं फार दूर आहे. दोन्ही पुढच्या फेरीसाठी ठेवा.

घरचं कुणी बरोबर असेल आणि गोल्फ खेळत नसेल, तर सेंट अँड्र्यूजमध्ये दुसरा ‘हिमालय’ आहे. ओल्ड कोर्सच्या बाजूला, उंचसखल हिरवळीवर नुसतं पटिंगचं मैदान. १८६७ मध्ये बायकांचा क्लब निघाला, कारण बाईने खांद्यावरून काठी फिरवणं तेव्हा अशोभनीय मानलं जाई. आज काही पौंडांत कुणीही खेळतं, पटर आणि चेंडू तिथंच मिळतात. आम्ही शेवटच्या संध्याकाळी गेलो. बायकोने त्याआधी पटर हातात धरला नव्हता. दोन स्ट्रोकने मी हरलो, आणि ते स्कोअरकार्ड अजून आमच्या फ्रीजवर चुंबकाखाली आहे.